शेर कुठला?

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाला, महिनाभर बाकी होता. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, बायकांच्या एका जुन्या मंडळाची हस्तलिखित पाककृतींची वही छपाईसाठी तयार करण्याचं काम आमच्याकडे आहे. मुंबईत या समाजाचं स्त्री मंडळ १९१३ साली सुरू झालं. त्या पिढीनंतरच्या बायकांनी शाईने मराठीत लिहून ठेवलेली ही वही. नियम एकच: शिजवून पाहिल्याशिवाय कृती छापायची नाही.

त्या दिवशी चिकाचा, म्हणजे भिजवलेल्या गव्हाच्या सत्त्वाचा, हलवा होता. वहीत चारच ओळी: ‘गहू १ शेर, साखर २ शेर, नारळ ४, वेलची, जायफळ. सुटेपर्यंत ढवळणे.’

गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून (एक दिवस चुकला की चिकाला आंबट वास येतो आणि तो शिजवूनही जात नाही), वाटून, फडक्यातून पिळून, रात्रभर निवळत ठेवला होता. सकाळी वरचं पाणी हलकेच ओतून काढलं. शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅम, असं धरून सगळं मोजलं. सुदैवाने गहू दीडपट भिजवले होते, त्यामुळे थोडा चीक बाजूला राहिला.

कल्हईच्या पातेल्यात नारळाचं दूध, साखर, चीक. वीस मिनिटांत उलथणं फिरेना. गोळा झाला, कडेने सुटला, थाळीत थापला. चाखला तर कच्च्या पिठाची चव. दुपारपर्यंत वर साखरेची पांढरी पापडी धरली.

आधी वाटलं आच चुकली. पण खरं कारण पाण्याचं होतं. साखर पाणी धरून ठेवते. चिकाच्या कणांना फुगायला पाणी उरलं नाही तर ते आत कच्चेच राहतात आणि मिश्रण वरवर घट्ट होतं. म्हणजे नारळ कमी पडले होते, किंवा बाकी सगळं जास्त झालं होतं.

मंडळातल्या एका आजींनी वही मागितली, पानं उलटली आणि मलिद्यावर, म्हणजे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने ठेवतात त्या गोड पोह्यांच्या कृतीवर, बोट ठेवलं: ‘पोहे १ शेर, नारळ २.’ म्हणाल्या, “किलोभर पोह्यांना दोनच नारळ? असला कोरडा मलिदा एलियाहू हन्नाबीपुढे कोण ठेवील गं? हा मुंबईचा कच्चा शेर.”

मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा, सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली. त्याआधी एकाच शब्दाची किती तरी वजनं चालत. लिहिणारीला ‘कुठला शेर’ हे लिहायची गरजच नव्हती, तिच्या घरात एकच होता.

मग उरलेला चीक घेतला, सव्वातीनशे ग्रॅम गव्हांचा निघेल तेवढाच. साखर ६५० ग्रॅम, चार नारळांचं जाडं-पातळ मिळून लिटरभर दूध. मंद आचेवर पावणेदोन तास. पहिला तासभर नुसती खीर दिसते, आणि इथेच घाबरून लोक कॉर्नफ्लॉवर घालतात. ते घालू नये. नंतर चकाकी येते आणि कडेला नारळाचं तेल सुटू लागतं. वहीतलं ‘सुटेपर्यंत’ म्हणजे गोळा नव्हे, तेल! शेवटी वेलची-जायफळ. थाळीला तूप लावायचं नाही. सणाच्या जेवणात मटण असतं आणि मांसासोबत दुधातुपाचं काही चालत नाही. नारळाचं दूध या स्वयंपाकात इतकं मुरलंय त्यामागे कोकणाइतकाच हा नियमही आहे. हलवा चार तासांत बसला, सुरीला न चिकटता कापला गेला.

आता छापताना मूळ ‘शेर’ तसाच ठेवून शेजारी ग्रॅम देतो आहोत. तो शब्द पुसला तर वही कुणाच्या घरची, कुठल्या बाजाराची, हेच पुसलं जाईल.

किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथला आणि सणाला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, किसमिसाच्या शरबताचं पान मात्र अडलंय. तिथे ‘पाणी १ शेर’ आहे, आणि पाणी तराजूत कुणी घालत नसे. हा मापाचा शेर, वेगळाच. एका घरात जुनं पितळी माप आहे म्हणतात. ते आलं की काठोकाठ पाणी भरून मोजू, मग काळे मनुके भिजत घालू.