पावतीवरची हर्षा

माझं नाव वर्षा. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एचबीए1सी, म्हणजे मधुमेहाची रक्ततपासणी, करायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने घाईघाईत ‘हर्षा’ टाइप केलं. पावतीवर तेच, रिपोर्टवरही तेच.

थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. “हर्षा मॅडम, शुगर बॉर्डरलाइनला आलीय ना? आमचं आयुर्वेदिक चूर्ण...” मग कुणी आरोग्यविमा घेऊन. या नावाने मला जगात ती एकच लॅब ओळखत होती. चोराने सही करून जावं तसा प्रकार!

नको असलेल्या फोनसाठीच्या 1909 वर तक्रारी केल्या. एक नंबर बंद पडे, दुसऱ्यावरून तोच आवाज. लॅबला मेल केला; “आम्ही रुग्णांची माहिती कुणालाही देत नाही” असं साचेबंद उत्तर. मग 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर मिळतो, तक्रार कंपनीकडे जाते. लॅबने तेच उत्तर पुन्हा चिकटवलं आणि तक्रार निकाली! हेल्पलाइनला आदेश द्यायचे अधिकारच नाहीत.

जो तो म्हणे, डेटाचा नवा कायदा आलाय, त्याखाली खेच. कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिने. शिवाय दंड 250 कोटींपर्यंत असला तरी तो जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती गेली, त्याच्या हाती दमडी नाही. माझ्या कामाचं कलम निघालं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, 2(47) मध्ये. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, एखाद्या कायद्यातल्या तरतुदीनुसार नसताना, दुसऱ्या कुणाला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 2020 पासून लागू असलेल्या या तरतुदीबद्दल कुणी बोलत कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील लागत नाही, सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फीही नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. वेळ खाल्ला तो कागदांनी. पावती, रिपोर्ट, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. कॉल रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, असं तिथल्याच एका वकीलबाईंनी सुचवलं. नुसता पेनड्राइव्ह दिला की समोरच्याचा पहिला आक्षेप त्यावरच येतो म्हणे.

“असे फोन हल्ली सगळ्यांनाच येतात,” लॅबचे वकील म्हणाले. मी पावती आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवलं, वर संभाषणाची टंकलिखित प्रत. आयोगाच्या अध्यक्षांनी तिन्ही वाचलं आणि नुसतं वकिलांकडे पाहिलं. त्यानंतर मध्यस्थीची तयारी तिकडूनच आली.

चूक त्यांनी शेवटपर्यंत कबूल केली नाही. नुकसानभरपाई मात्र दिली, आणि रिपोर्ट पाठवायचं काम ज्या बाहेरच्या कंपनीकडे होतं तिच्याकडची माझी नोंद पुसल्याचं लेखी दिलं. लॅबच्या वेबसाइटवरच्या नोंदणी फॉर्ममध्ये ‘ऑफर्ससाठी संमती’च्या चौकोनात आधीच टिक केलेली असायची. ती काढून चौकोन रिकामा ठेवायचा, हे तडजोडीत घातल्याशिवाय मी सही केली नाही. पैशांपेक्षा जास्त घासाघीस याच्यावरच झाली.