राणीबागेत पेंग्विनच्या आधी कैलासपती
मुंबईच्या राणीबागेत शाळेची सहल आली की पोरं गेटपासूनच पेंग्विन पेंग्विन करत सुटतात, आणि खरं सांगायचं तर टीचरपण. पेंग्विन २०१७ पासून बघायला मिळतायत, बाग १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली, पण झाडांकडे बघतंय कोण!

मी मुलांना घेऊन गेले की आधी कैलासपतीच्या झाडापाशी थांबवते. फुलं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडावरच, मग कुणीतरी विचारतंच की चिकटवलीयेत का. खाली पडलेलं फूल हातात द्यायचं, त्यातला नागाचा फणा आणि त्याखालची महादेवाची पिंडी मुलं स्वतःच शोधतात, मग सांगायचं की यात मध नसतोच, मधमाशीला फण्यातला पराग खायला मिळतो, तो रुजायच्या कामाचा नाही, ती तो गोळा करत असताना खाली पिंडीभोवतीच्या कड्यातला खरा पराग तिच्या अंगाला लागतो आणि पुढच्या फुलावर जातो. 'म्हणजे झाड चीटिंग करतं?' हा प्रश्न ठरलेला. फुटलेलं फळ सापडलं तर विचारूच नका, वास इतका घाण की सगळी रांग किंचाळत मागे पळते आणि परत हुंगायला येते.

वर्कशीट मात्र मी देत नाही, पोरं मान खाली घालून लिहीतच बसतात. गोरखचिंचेचं खोड कवेत घ्यायला किती जण लागतात ते हातात हात धरूनच मोजायचं.