माशांच्या टाकीचे वीजबिल

नाशिकच्या थंडीत चार फुटी माशांची टाकी सांभाळणाऱ्याच्या हाती डिसेंबरचे वीजबिल आले की पहिला संशय टाकीवर जातो, आणि माझ्या बाबतीत तो खरा ठरला. मात्र कोणते उपकरण किती वीज घेते हे न पाहताच मी काटकसर सुरू केली आणि ती चुकीच्या जागी झाली. त्याची किंमत माशांनी मोजली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टाकी ४ × १.५ × १.५ फुटांची आहे. खडी, लाकडाचा ओंडका आणि वर सोडलेली जागा वजा जाता तीत साधारण २०० लिटर पाणी राहते. तीत एंजल, लेमन टेट्रा आणि तळाशी फिरणारे काही कोरी जातीचे मासे आहेत. महाराष्ट्रात घरगुती विजेचे पहिले १०० युनिट स्वस्त पडतात आणि १०१ ते ३०० या टप्प्यातला दर दुपटीच्या आसपास जातो. आमच्या घराचा टाकीशिवायचा वापर १०० युनिटांना टेकलेला असल्यामुळे टाकीची जवळजवळ सगळी वीज महाग टप्प्यात मोजली जाते. वहन आकार आणि विद्युत शुल्क धरून मी हिशेबाला १२ रुपये युनिट हा ढोबळ दर घेतो.

प्रथम मी रात्री अकरा ते सहा फिल्टर बंद ठेवू लागलो. दिवसरात्र चालणारी वस्तू म्हणजेच मोठा खर्च, असा माझा समज होता. चौथ्या दिवशी सकाळी सगळे एंजल पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर श्वास घेत होते, आणि फिल्टर सुरू करताच त्याच्या नळीतून सडक्या अंड्यासारखा वास असलेले पाणी टाकीत पडले. संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात आणि त्यांना वाहत्या पाण्यातला प्राणवायू सतत लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबले की तो काही तासांत संपतो. माझा फिल्टर १५ वॉटचा आहे, म्हणजे सात तास बंद ठेवून रोज वाचत होती एक दशांश युनिट. महिन्याचे तीन युनिट, ३६ रुपये! त्या दोन माशांची आठवण झाली की हा आकडा आजही टोचतो. वीज बराच वेळ गेली असेल, तर आता मी फिल्टरमधले साचलेले पाणी बादलीत ओतून मगच तो सुरू करतो.

त्यानंतर प्लगमध्ये लावायचा एक छोटा वीजमापक आणून प्रत्येक उपकरण मोजले. फिल्टरला महिन्याला साधारण ११ युनिट लागत होते, ४ वॉटच्या एअर पंपाला ३, आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटला आठ तासांच्या हिशेबाने ११. ट्यूबच्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी लावताच ते पाचांवर आले. हीटर मात्र एकटा रोज २.६ युनिट, म्हणजे महिन्याला ७८ युनिट घेत होता. म्हणजे खर्चाचा प्रश्न खरे तर उष्णतेचा होता.

ही उष्णता जाते कुठे, हे काचेवर स्केचपेनने पाण्याच्या पातळीची खूण केल्यावर दिसले. टाकी उघडी होती आणि रोज जवळजवळ एक लिटर पाणी उडून जात होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता खर्च होते, तर २०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला ०.२३ युनिट पुरते. उन्हाळ्यात ज्या गुणामुळे माठातले पाणी गार होते, तोच गुण हिवाळ्यात माझा हीटर चालवत होता.

काचेच्या दुकानातून ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे तीन तुकडे कडा घासून आणले आणि झाकण केले. फिल्टरची नळी आणि हवा यांसाठी एका कोपऱ्यात दोन बोटे जागा सोडली. सकाळी झाकणाच्या आतून थेंबांची दाट जाळी दिसते आणि ते पाणी परत टाकीतच ठिबकते. टाकीखाली थर्माकोल पहिल्यापासून होताच, तोच मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून चिकटवला. समोरची काच तेवढी उघडी आहे. हीटर २७ अंशांवरून रोज अर्धा अंश असे करत २५ वर आणला. माझ्या माशांना तेवढे मानवते, पण डिस्कस पाळणाऱ्यांनी हे करू नये, कारण त्यांना २८ ते ३० अंश लागतात. हीटरवरच्या आकड्यावरही विसंबू नये. माझा हीटर पाणी दीड अंश जास्त तापवत होता, आणि ते वेगळा तापमापक टाकीत सोडल्यावरच कळले.

या बदलांनंतर जानेवारीत हीटरचा वापर रोज १.३ युनिटांवर आला, म्हणजे महिन्याला ३९ युनिट आणि सुमारे ४७० रुपये वाचले. पाणी बदलायचे ते आता सकाळी न बदलता दुपारी बदलतो. त्यासाठीच्या बादल्या आदल्या दिवशी भरून गॅलरीत ठेवतो, म्हणजे दुपारपर्यंत त्यांना ऊन मिळते. पन्नास लिटर पाणी सात अंश कमी तापवावे लागले, तर तेवढ्यानेच ०.४ युनिट वाचते. मार्च संपता संपता झाकण काढून ठेवतो आणि पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले की पृष्ठभागावर एक छोटा पंखा लावतो. त्या दिवसांत बाष्पीभवन हवेच असते, फक्त रोज पातळी पाहून पाणी भरावे लागते.

एक काम मात्र राहिले आहे. टाकी उत्तरेच्या खिडकीखालच्या भिंतीला टेकून आहे आणि ती भिंत पहाटे हाताला बर्फासारखी लागते. टाकी आतल्या भिंतीकडे न्यायची तर पाणी उपसून, खडी काढून, मासे दिवसभर टबात ठेवावे लागतील आणि उचलायला चार माणसे लागतील. थंडी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत ते करायचे ठरवले आहे.