टो-इन सर्फिंगच्या चालक-परीक्षेचा माझा अनुभव

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले, पण जेट-स्की (पाण्यावरची मोटरसायकल) चालवता येत नव्हती म्हणून नव्हे. पाण्यात पडलेल्या साथीदारापर्यंत मी वेळेत पोहोचले होते, त्याचे मनगट माझ्या हातात होते, आणि तरीही प्रशिक्षकांनी दुसऱ्या जेट-स्कीवरून शिट्टी वाजवून चाचणी थांबवली. त्यांच्या हिशेबाने पुढच्या लाटेच्या फेसाने आम्हा दोघांना आणि तीनशे किलोंहून जड अशा त्या यंत्राला एकदमच गाठले असते. मी साथीदाराकडे पाहत होते. समुद्राकडे मी एकदाही पाहिले नव्हते.

लाट जितकी मोठी, तितकी ती वेगाने पुढे सरकते, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे नुसत्या हातांनी पाणी मारत तिला गाठणे फार अवघड होते. म्हणून सर्फरला जेट-स्कीमागे दोरीने ओढत लाटेच्या वेगापर्यंत आणतात आणि लाटेचा उतार पायाखाली आला की तो दोरी सोडतो. यालाच टो-इन सर्फिंग म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लेअर्ड हॅमिल्टन, बझी कर्बॉक्स आणि डॅरिक डोअर्नर या सर्फरांनी हवाईत हा प्रयोग आधी हवा भरलेल्या रबरी मोटरबोटीच्या मागे केला. जेट-स्की त्यानंतर आली. मी आले होते ती दोरीच्या मागच्या टोकाला उभे राहण्यासाठी. चालकाची जागा म्हणजे आळीपाळीने करायचे काम, एवढीच माझी समज होती. मात्र प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून जे नियम शिकवले गेले, त्यांतले ओढण्याविषयी थोडे होते आणि पाण्यातून माणूस उचलून आणण्याविषयी बरेच होते.

यंत्राची रचना समजून घेतली तेव्हा त्यामागचे कारण कळले. जेट-स्कीला उघडा पंखा नसतो; तळातल्या जाळीतून पाणी आत ओढून ते मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकले जाते आणि हँडल वळवले की ते तोंड वळते. म्हणजेच थ्रॉटल (हँडलवरची वेग वाढवणारी कळ) सोडला की वळण्याची ताकदही जवळजवळ जाते. घाबरलेला नवखा चालक नेमके हेच करतो: समोर माणूस दिसला की थ्रॉटल सोडतो आणि यंत्र सरळ त्याच्या अंगावर जाते. दुसरी अडचण फेसाची. फुटलेल्या लाटेच्या पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की पंपाला धरायला पाणीच मिळत नाही. त्या क्षणी इंजिनाचा आवाज एकाएकी चढतो, बारीक आणि कर्कश होतो, पण यंत्र जागचे हलत नाही. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आणखी थ्रॉटल दाबला, आणि ते चूक होते. थ्रॉटल किंचित कमी करून पंपाला पुन्हा घट्ट पाणी मिळू द्यायचे असते, आणि मुळात अशा फेसात शिरण्याची वेळ येणार नाही असा मार्ग आधीच ठरवायचा असतो.

दोरीवर आम्ही पूर्ण दोन दिवस घालवले आणि माझ्या मते ते दोन दिवसही कमीच होते. दोरी तरंगणारी हवी, तिला कुठे गाठ किंवा सुटलेला धागा नको आणि सर्फरने ती हाताला कधीही गुंडाळू नये, हे सगळ्यांना पटते. जे सहज विसरले जाते ते सर्फरने दोरीची मूठ सोडल्यानंतरचे. चालक लाटेच्या पाठीवरून बाहेर वळतो, वेग कमी होतो आणि इतका वेळ मागे ताणलेली दोरी सैल पडून यंत्राच्या बाजूला वेटोळे घालू लागते. सरावात माझ्याकडून हेच झाले. मी मागे पाहिले तोवर दोरीचा एक फेरा तळाच्या जाळीकडे सरकला होता. मग एक धक्का बसला आणि इंजिन बंद पडले. सुदैवाने आम्ही शांत पाण्यात होतो. आत अडकलेली दोरी चाकूने कापून, पेड ओढून काढत ती मोकळी करायला मला वीस मिनिटे लागली, आणि ती सगळी मिनिटे मी मनातल्या मनात लाटा फुटण्याच्या जागी मोजत होते. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: सर्फर सुटला की वेग न तोडता मोठ्या वळणाने बाहेर यायचे, दोरी हाताने आत घेऊन स्लेडवर (यंत्रामागे जोडलेल्या तरंगत्या सपाट फळीवर) अडकवायची आणि त्यानंतरच कोणाला उचलायला जायचे. मोकळी दोरी घेऊन पोहणाऱ्याभोवती फिरणे हा त्याच्याही जिवाला धोका आहे.

इतर तयारीबद्दल थोडक्यात सांगते. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही. यंत्र उलटल्यास मागे चिकटवलेल्या चित्रात दाखवलेल्या दिशेनेच ते सुलटे करायचे, अन्यथा इंजिनात पाणी जाते. फुगणाऱ्या जॅकेटमधील वायूच्या नळ्या रोज तपासायच्या, आणि फुगलेल्या जॅकेटनिशी पुढच्या लाटेखाली बुडी मारता येत नाही हे सर्फरने आधीच समजून घ्यायचे. हवाईत टो-इनसाठी चालकाला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स हे ठिकाण सागरी अभयारण्यात असल्याने तेथे जेट-स्कीला डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच आणि उंच लाटांचा अधिकृत इशारा असतानाच परवानगी असते. सील आणि समुद्रपक्षी तेथे आपल्या आधीपासून राहतात, त्यामुळे हा नियम मला जाचक वाटत नाही.

पोर्तुगालमधील नाझारे येथे २८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्फर माया गबेइरा बेशुद्धावस्थेत पाण्यात होती. तिचा चालक साथीदार कार्लोस बुर्ले याने तिला किनाऱ्यावर आणले आणि तेथे छातीवर दाब देऊन तिला वाचवण्यात आले. त्याच ठिकाणी ५ जानेवारी २०२३ रोजी मार्सियो फ्रेइर हा अत्यंत अनुभवी सर्फर टो-इन करताना दगावला. या दोन घटना वर्गात सांगितल्या गेल्या तेव्हा कोणीही प्रश्न विचारला नाही. दुपारी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा सराव होता आणि तो प्रत्येकाने सांगितल्यापेक्षा जास्त वेळा केला.

आता माझ्या नापास होण्याकडे येते. मोठ्या लाटांमध्ये दोन लाटांतले अंतर साधारण पंधरा ते वीस सेकंदांचे असते. एवढ्या वेळात चालकाने आत शिरायचे, उजवा हात थ्रॉटलवर असल्याने पोहणाऱ्याला आपल्या डाव्या बाजूला घ्यायचे, त्याचा हात धरायचा, यंत्राच्या वेगानेच त्याला स्लेडवर येऊ द्यायचे आणि बाहेर पडायचे. वेळ पुरणार नसेल तर नियम असा आहे की त्याला तेथेच सोडून निघायचे, ती लाट त्याच्या डोक्यावरून जाऊ द्यायची आणि पुन्हा आत यायचे. हा नियम मला क्रूर वाटला होता आणि मी तसे प्रशिक्षकांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, “तुम्ही थांबलात तर पाण्यात एकाऐवजी दोघे असतील आणि त्यांच्या डोक्यावर तुमचेच यंत्र असेल. मग न्यायला कोण येणार?”

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी साथीदार पाण्यात पडला तेव्हा मी आधी समुद्राकडे पाहिले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. नऊ मोजले तेव्हा मी त्याच्यापासून दहाएक मीटरवर होते. त्याने हात वर केला होता आणि मागची लाट उभी राहत होती. मी तळहात खाली करून ‘बुडी मार’ अशी खूण केली आणि वळले. पाठीमागे लाट फुटल्याचा आवाज आला, तरी मागे न पाहता मी वळण पूर्ण केले, दोरी स्लेडवर घट्ट आहे हे हाताने चाचपले आणि फेस विरू लागताच आत शिरले. तो आधीच्या जागेपासून बराच किनाऱ्याकडे ढकलला गेला होता, पण डोके वर होते. सहाव्या सेकंदाला त्याचा हात माझ्या हातात आला आणि दहाव्याला आम्ही खोल पाण्याच्या वाटेवर होतो. स्लेडवर पालथा पडूनच तो खोकत म्हणाला, “तू वळलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. श्वास भरून घेता आला.”

प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी मिळाले. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या लाटांच्या दिवशी दोरीच्या मागच्या टोकाला आधी कोणी उभे राहायचे असे साथीदाराने विचारले तेव्हा मी त्याला जा म्हणाले आणि किल स्विचची दोरी मनगटाला बांधली.