थायलंडची रात्र आणि खिशातले पैसे: रोख, कार्ड, बिलाची चिठ्ठी

बँकॉक-पट्टायाच्या बारमध्ये पैसे बुडतात ते बहुतेक वेळा ऑर्डर आणि बिल यांच्या मधल्या वेळेत. काय मागवलं, कोणासाठी मागवलं, दर काय होता, हे त्या वेळी कुणी बघत नाही. पहाटे कार्ड पुढे करताना आकडा दिसतो आणि तेव्हा वाद घालायला हातात काहीच नसतं. हे टाळता येतं, आणि त्याची निम्मी तयारी पुण्या-मुंबईत घरी बसूनच होते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या टूरची वाट ठरलेली असते: पट्टायात अल्काझार किंवा टिफनीचा कॅबरे शो, वॉकिंग स्ट्रीटवर चक्कर, मग बँकॉक. कॅबरे सहकुटुंबही बघतात. मित्रांचा ग्रुप असला की पुढे गो-गो बारकडे, म्हणजे मंचावर मुली नाचतात अशा बारकडे, पावलं वळतात. तिकीट काढून शो बघणं किंवा परवाना असलेल्या बारमध्ये बसणं यात बेकायदेशीर काही नाही. बारसाठी वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे पासपोर्ट विचारला जाऊ शकतो. शरीरविक्रय मात्र तिथे 1996 च्या कायद्याने गुन्हा आहे, उघड्यावर कितीही दिसत असला तरी. त्या व्यवहाराबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. त्यात फसलेल्याला दाद मागायला दारच उरत नाही, एवढं ध्यानात असू द्यावं.

निघण्याआधी कार्डाकडे बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 16 मार्च 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनसाठी चालू करून मिळतात. परदेशातला वापर आपणच बँकेच्या अॅपमधून सुरू करायचा असतो. तो सुरू करताना लोक सगळेच स्विच एकदम हिरवे करतात, आणि इथेच चूक होते. आंतरराष्ट्रीय स्वाइप चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बंद ठेवा, टॅप करून पैसे देण्याची सोयही बंद ठेवा. परदेशी वेबसाइटवर आपल्या कार्डाला ओटीपी न मागताही पैसे कापले जाऊ शकतात. बारमधल्या कुणी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढला तर त्याचा वापर नेमका तिथेच होतो. मग स्वाइपची रोजची मर्यादा खाली आणा, समजा 15,000 रुपये. ती वाढवायला अॅपमध्ये अर्धं मिनिट लागतं, पण दारूच्या भरात ते अर्धं मिनिटही कामाला येतं.

बारमध्ये नेण्याचं कार्ड वेगळंच असावं. पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड नको, कंपनीचं कार्ड तर मुळीच नको. क्रेडिट कार्डावर चुकीची रक्कम पडली तर वाद मिटेपर्यंत निदान बँकेचे पैसे अडकलेले असतात. डेबिट कार्डावर आपले अडकतात आणि त्याच खात्यातून घराचा हप्ता जायचा असतो. स्टेटमेंटवर बारचं नाव येईलच असं नाही, बऱ्याचदा मागच्या कंपनीचं नाव येतं. त्यामुळे महिन्याभराने तो व्यवहार आपलाच होता हे ओळखू येत नाही आणि उगाच तक्रार केली जाते. म्हणून चिठ्ठ्या जपा. संयुक्त खातं असेल किंवा ॲड-ऑन कार्ड असेल तर मेसेज दुसऱ्याच्याही फोनवर जाऊ शकतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

भारतीय सिम बंद करू नका. व्यवहाराचा मेसेज त्याच क्षणी दिसणं हे सगळ्यात चांगलं संरक्षण आहे. टेबलावरून उठायच्या आत मेसेजातला आकडा वाचला तर चूक जागच्या जागी दुरुस्त होते. रोमिंगमध्ये मेसेज येतात की नाही हे विमानतळावर गेल्यावर नाही, आठवडाभर आधी कंपनीला विचारून घ्या.

रोखीचं गणित वेगळं. एका खेपेला नोटांच्या रूपात 3,000 डॉलरपर्यंत परकीय चलन नेता येतं, आणि भारतीय रुपये 25,000 पर्यंत. रुपये नेऊन तिथे बदलणं तोट्याचं, कारण दर खराब मिळतो. 100 डॉलरच्या कोऱ्या नोटा न्याव्यात. छोट्या नोटांना दर कमी देतात, आणि पेनाची खूण, फाटकी कड किंवा शिक्का असलेली नोट परत करतात. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेतल्या घेतल्या समोर दिसणाऱ्या काउंटरवर टॅक्सीपुरतेच बदला. तळमजल्याच्याही खाली, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाजवळ जे काउंटर आहेत तिथे दर बराच चांगला असतो; शहरात सुपररिच या चलन बदलून देणाऱ्या कंपनीच्या शाखा आहेत. पासपोर्ट सोबत लागतो.

एटीएमवर परदेशी कार्डाला तिथली बँक दर वेळी 220 बाहतच्या (बाहत हे थाई चलन) आसपास शुल्क लावते, रक्कम कितीही असो. बारमधून बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या एटीएममधून 3,000 बाहत काढले तर एकट्या शुल्कापोटी सात टक्क्यांहून जास्त गेले. तेच 20,000 एकदम काढले तर एक टक्क्याच्या थोडं वर. वर आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. म्हणून दिवसा, हॉटेलजवळच्या बँकेच्या आतल्या एटीएममधून एकदाच काढा, तिजोरीत ठेवा आणि रात्री ठरवलेलीच रक्कम खिशात घाला.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घ्यायच्या कार्डाबद्दल, एक गोष्ट काउंटरवर सहसा सांगत नाहीत. डॉलर भरलेल्या कार्डाने बाहतमध्ये पैसे दिले की चलनबदलाचं शुल्क लागू शकतं. थेट बाहत भरून मिळत असेल तरच त्याचा पुरेपूर फायदा. साध्या कार्डावर बहुतेक बँका 3.5 टक्के मार्कअप (परदेशी चलनातल्या व्यवहारावरचा जादा आकार) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेतात, म्हणजे मिळून 4.13 टक्के. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात; वर्षातून एकदा जाणाऱ्यानेही एक काढून ठेवावं.

आता बारच्या आत. बसल्यावर पहिलं पेय येतं आणि सोबत एक छोटी चिठ्ठी येते. ती गुंडाळून तुमच्या समोरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या कपात खोचतात. पुढच्या प्रत्येक ऑर्डरला नवी चिठ्ठी, त्याच कपात. हा कप म्हणजे तुमचं चालू खातं. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी काढून उलगडून बघा, त्यावरचा आकडा वाचा, परत ठेवा. यात कुणाला वाईट वाटत नाही. जुने गिऱ्हाईक हेच करतात. चार जणांच्या ग्रुपमध्ये एकच कप ठेवला की कुणी काय मागवलं याचा पत्ता लागत नाही, म्हणून प्रत्येकाचा कप वेगळा मागा. आणि जागा बदलली तर कप आपल्या हाताने उचलून न्या.

गो-गो बारमध्ये बिअर साधारण 200 बाहतच्या आगेमागे असते, उघड्या बिअर बारमध्ये त्याहून बरीच स्वस्त. तिथल्या मुलीसाठी पेय घेतलं तर ते 'लेडी ड्रिंक', त्याचा दर जास्त, कारण त्यातला वाटा तिला मिळतो. हा तिच्या कमाईचा भाग आहे, त्यात फसवणूक नाही. द्यायचं नसेल तर हसून नाही म्हणायचं, आणि दिलं तर किंमत आधी विचारायची. दोन जणी येऊन बसल्या आणि 'हिलाही?' असं विचारलं गेलं की मान हलवताना लक्ष असू द्या. मोठ्या संगीतात ती मान 'हो' म्हणूनच वाचली जाते.

बारच्या वर टांगलेली घंटा वाजवू नका. ती वाजवणं म्हणजे तिथल्या सगळ्यांना आपल्या खर्चाने एक एक पेय. गंमत म्हणून दोरी ओढणाऱ्या पर्यटकाचं बिल एका क्षणात हजारोंच्या घरात जातं, आणि तो नियम सगळ्यांना माहीत असल्यामुळे पोलीसही तुमच्या बाजूने बोलणार नाहीत.

मेनूवर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर 10 टक्के सेवा शुल्क आणि 7 टक्के व्हॅट वेगळा. 1,000 बाहतचे 1,177 होतात. हॉटेलांच्या आणि मोठ्या क्लबांच्या मेनूवर हे हमखास असतं.

नोटा देताना घाई नको. 1,000 ची तपकिरी, 500 ची जांभळी, 100 ची लाल. दिवसा यात गोंधळ होत नाही, पण गुलाबी-लाल दिव्यांखाली 500 आणि 100 एकसारख्याच दिसतात. नोट देताना रक्कम मोठ्याने बोला, 'वन थाउजंड', आणि मोड मोजूनच कप सोडा. मोठ्या नोटा हॉटेलात मोडून 100 आणि 20 च्या केल्या तर टिपही नीट देता येते. टिप ज्या व्यक्तीला द्यायची तिच्या हातात द्या. बिलात मिसळलेली टिप तिच्यापर्यंत पोचते की नाही हे आपल्याला कळत नाही, आणि रात्रभर मंचावर उभं राहणाऱ्या माणसाची कमाई तिच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. कॅबरेनंतर बाहेर कलाकार फोटोसाठी उभे असतात. फोटो काढला की टिप अपेक्षित असते, आणि एका फोटोत तिघे आले तर तिघांची. आधी विचारा, छोट्या नोटा तयार ठेवा.

आपल्याकडे तमाशाच्या फडात दौलतजादा चालतो, मुंबईच्या डान्स बारमध्ये नोटा उधळल्या जायच्या. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने टिप द्यायला मुभा ठेवली, उधळायला नाही. थायलंडमध्ये ही सवय घेऊन जाऊ नका. तिथल्या प्रत्येक नोटेवर राजाचं चित्र असतं. नोटेवर पाय ठेवणं, घरंगळणारी नोट बुटाने अडवणं हा राजाचा अपमान समजला जातो, आणि त्यासंबंधीचा कायदा फार कडक आहे.

सगळ्यात जास्त तक्रारी होतात त्या बँकॉकमधल्या पाटपोंग या बारच्या गल्ल्यांतल्या वरच्या मजल्यांबद्दल. रात्रबाजाराच्या गर्दीत एखादा माणूस लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवतो: शो फुकट, पेय फक्त 100 बाहत. जिना चढून गेलं की दार बंद होतं आणि निघताना बिल हजारोंचं येतं, 'शो फी' म्हणून. तळमजल्यावरचे, रस्त्यावरून आत दिसणारे, दारात छापील दर लावलेले बार त्यामानाने सरळ असतात. रस्त्यावरचा माणूस किंवा टुकटुकवाला जिथे स्वतःहून नेतो तिथे त्याचं कमिशन तुमच्याच बिलात येतं. कुणासोबतही जिना चढू नका, एवढं पाळलं तरी मोठं संकट टळतं. चुकून अडकलातच तर धक्काबुक्की करू नका. शांतपणे छापील मेनू मागा, 1155 हा पर्यटक पोलिसांचा नंबर फोनवर लावून दाखवा. पुष्कळदा तेवढ्यावर आकडा खाली येतो. तरीही दार उघडत नसेल तर जेवढी रोख खिशात आहे तेवढी देऊन बाहेर पडा आणि मग पोलिसांकडे जा. अशा ठिकाणी कार्ड मुळीच काढू नका, आणि खिशात मोजकीच रोख का ठेवायची तेही इथे कळतं.

कार्डाने द्यायचं ठरलं तर मशीन टेबलाशी मागवा. कार्ड काउंटरमागे ठेवून 'टॅब', म्हणजे शेवटी एकदम भरायचं उधार खातं, उघडणं टाळा. बऱ्याच बारमध्ये कार्डावर 3 टक्के जादा लावतात, ते आधी विचारा. मशीनवर आकडा बघताना दोन गोष्टी: शून्यं किती आहेत, आणि पुढे बाहतचं चिन्ह आहे की रुपयाचं. पुष्कळ मशीन भारतीय कार्ड ओळखून 'रुपयांत देणार का?' असं विचारतात. नेहमी बाहत निवडा. रुपये निवडले की दर मशीनमागची कंपनी ठरवते आणि तो आपल्या बँकेच्या दराहून बराच महाग पडतो; शिवाय व्यवहार परदेशातला म्हणून आपली बँकही वर शुल्क लावू शकते. वेटरने विचारलंच नाही आणि चिठ्ठीवर रुपये छापून आले, तर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा बाहतमध्ये करायला सांगा. रद्द झाल्याची चिठ्ठी घ्या, नाहीतर दोन्ही रकमा कापल्या जाऊ शकतात.

भारतीय यूपीआयवर बारमध्ये भिस्त ठेवू नका.

रक्कम चुकीची पडली असेल तर परत येईपर्यंत थांबू नका. कार्ड अॅपमधून लगेच बंद करा आणि त्याच रात्री बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणाच्या चुकीने झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवला तर मर्यादित भार. पण पिन आपणच दाबला असेल तर बँक तो व्यवहार अनधिकृत मानत नाही. मग वाद रकमेचा होतो, आणि तिथे लागतो पुरावा: कपातल्या चिठ्ठ्या, मशीनची चिठ्ठी, मेनूचा फोटो. आत फोटो काढायला बहुधा मनाई असते. मेनूचा फोटो विचारून काढा, कलाकारांचा नको. चिठ्ठीवरची शाई उष्णतेने पुसट होते, म्हणून हॉटेलात आल्या आल्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

तिथे कुणी लॉटरीचं तिकीट किंवा स्वीपस्टेक (पैसे लावून खेळायची सोडत) पुढे केली तर भारतीय कार्ड वापरू नका. त्यासाठी, आणि आपल्याकडे बंदी असलेल्या मासिकांसाठीही, आंतरराष्ट्रीय कार्ड वापरायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत मनाई आहे.

उरलेले बाहत तिथेच बदलून टाका. नाण्यांना इथे कुणी विचारत नाही. परत आणलेलं परकीय चलन 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं, त्यावरचं 180 दिवसांत परत करावं लागतं. आणि घरी पोचल्यावर अॅप उघडून आंतरराष्ट्रीय स्वाइपचा स्विच पुन्हा बंद करा.