कराड ते पुणे : एका मीटिंगच्या शोधात

दारू बंद होऊन अकरा दिवस झाले, त्या बुधवारी मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या (बोलण्यात ‘एए’च्या), मीटिंगसाठी कराडहून पुण्याला गेलो. सुमारे 160 किलोमीटर लांब जाण्याचे कारण एकच होते : तिथे मला ओळखणारे कोणी भेटणार नव्हते.

ते अकरा दिवस डॉक्टरांच्या उपचाराखाली गेले होते, हे आधीच सांगतो. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकाएकी दारू तोडली, तर हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. मीटिंग हा त्या उपचाराला पर्याय नाही. भरती होण्याची गरज असलेल्यांसाठी पुण्यात मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते 1986 साली सुरू केले. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे.

आता माझी चूक. पत्ता मी एका जुन्या छापील यादीतून उतरवून घेतला होता आणि फोन करायला धीर होत नसल्यामुळे त्याची खातरजमा केलीच नव्हती. दुपारची एसटी खंबाटकीत रखडत पाचच्या पुढे स्वारगेटला पोहोचली. तिथून पेठेतली ती शाळा शोधून काढली, तेव्हा सात वाजत आले होते. फाटकावरच्या रखवालदाराला ‘एए’ हा शब्द उच्चारण्याची लाज वाटली, म्हणून मी नुसतेच ‘मीटिंग कुठे आहे’ असे विचारले. त्यानेही विश्वासाने वरच्या हॉलकडे बोट दाखवले. तिथे मागच्या खुर्चीवर बसून मी दहा मिनिटे पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरचे भांडण ऐकले आणि मगच लक्षात आले की ही कुठल्याशा गृहनिर्माण संस्थेची सभा आहे.

खाली येऊन अखेर यादीतल्या संपर्क क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारले नाही. ‘आज घेतली आहे का’ एवढेच विचारले आणि ‘आहात तिथेच थांबा, हलू नका’ असे सांगितले. तो गट वर्षभरापूर्वीच दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत हलला होता. आठ मिनिटांत एक काका स्कूटरवरून मला न्यायला आले, आणि तेही हेल्मेट घालून, जे पुण्यात नमूद करण्याजोगे आहे.

मीटिंग तिसरीच्या वर्गात होती. बाक इतके बुटके होते की पन्नाशीतली माणसे गुडघे बाजूला वळवून, तिरकी बसली होती. फळ्यावर सकाळची उजळणी तशीच होती आणि तिच्या शेजारी, कॅलेंडरच्या खिळ्याला, बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एए सांगते त्या बारा टप्प्यांचा, कापडी फलक टांगला होता. एकेक जण ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ असे म्हणून स्वतःपुरते बोलत होता. त्यावर कोणी सल्ला देत नव्हते, उलटतपासणी करत नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त पहिले नाव सांगितले आणि थांबलो, तरीही चालले. नोंदवही नाही, फी नाही; शेवटी एक पिशवी फिरते, तीत सभासद आपापल्या मनाप्रमाणे पैसे टाकतात, आणि नव्या माणसाने काही टाकले नाही तरी कोणी पाहत नाही.

चहाच्या वेळी स्कूटरवाले काका म्हणाले, “फोन करायला लाजलात ना? अहो, आपले सगळे फोनवरूनच तर सुरू झाले.” मग त्यांनी सांगितले : मे 1935 मध्ये, पुढे एएचा संस्थापक झालेला बिल, धंद्यात अपयश येऊन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात एकटा होता. जवळच बार होता, तरी तो टेलिफोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतून क्रमांक काढून दुसऱ्या एखाद्या दारुड्याची गाठ घालून द्या, असे विचारू लागला. त्या फोनमुळेच त्याला एएचे दुसरे संस्थापक डॉ. बॉब भेटले.

म्हणून, निघण्यापूर्वी फोन करून जागा, वेळ आणि भाषा विचारून घ्यावी, कारण काही गटांत मराठी चालते, तर काहींत हिंदी किंवा इंग्रजी. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ हेही विचारावे : ओपनला घरचे माणूस सोबत बसू शकते, तर क्लोज्ड मीटिंग ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्याच्यासाठीच असते. पत्नीसाठी किंवा आईवडिलांसाठी ॲल-ॲनॉनचे वेगळे गट असतात. पोटभर खाऊन जावे आणि परतीचे तिकीट आधीच काढून ठेवावे. मीटिंग साडेआठला सुटल्यावर एसटीची वाट पाहत स्वारगेटच्या परिसरात काढलेला दीड तास मला सबंध दिवसात सर्वांत जड गेला. काका सोबत थांबले नसते तर काय झाले असते, ते मी लिहीत नाही.

त्यांनीच बसमध्ये चढताना माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. माझ्या घरापासून पंचवीस किलोमीटरवर दर गुरुवारी संध्याकाळी गट बसतो, असे तीत लिहिले होते. दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी सकाळी फोन केला आणि या वेळी ‘एएची मीटिंग’ असे स्पष्ट विचारले.