कॅच कॅन अपडेट: गळती थांबली, आता भोक अरुंद

मंडळी, कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाफेतलं तेल अडवणारा डबा. माझ्या कॅनच्या इनलेटखालून (वाफ आत येते ते तोंड) तेल गळतंय असं मागे लिहिलं होतं, तो ओघळ थांबला! ब्रॅकेटवर तेल आणि धुळीचा काळा थर बसायचा, तो पुसल्यापासून पत्रा कोरडा आहे. ‘टेफ्लॉन टेपचे आणखी दोन वेढे मार’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, टेपनं हे मिटणारच नव्हतं.

गाडी तीच, डिझेल स्विफ्ट, १.३ मल्टिजेट. कॅनसोबतच्या कागदावर ‘अर्धा इंच एनपीटी’ (निमुळत्या, म्हणजे टेपर आट्यांचं अमेरिकन माप) छापलंय आणि सोबत आलेले एएन-१० चे (नळी जोडायचं एक माप) निळे-लाल अडॅप्टरही कॅनकडच्या बाजूला एनपीटीच. हातानं तीन-चार फेरे, मग पान्यानं घट्ट. टेपर बसला असंच वाटतं. पिच गेज (आटे मोजायची पट्टी) लावला तर इंचाला १४ आटे, म्हणजे एनपीटीच्या हिशेबात अगदी चोख. पण अर्धा इंच बीएसपीलाही (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप) १४च आटे असतात. एएन-१० ची नटाकडची बाजू ७/८ यूएनएफ (बोल्टसारखे सरळ आटे), तीही १४! गेज तिघांनाही पास करतो. फरक आट्यांच्या कोनात, बीएसपी ५५ अंश आणि बाकी दोन्ही ६०, आणि खरी मेख टेपरमध्ये. व्हर्नियरचे आतले जबडे कॅनच्या भोकात आधी तोंडाशी लावले, मग तळाशी. माप तेच. म्हणजे भोक सरळ, पॅरलल बीएसपी. त्यात निमुळता एनपीटी फिरवला की तो वरच्या एक-दोन आट्यांत पाचरीसारखा अडकतो आणि खालच्या फटींतून तेल आरामात वर चढतं.

पॅरलल आटे मुळात सील करतच नाहीत, ते काम तोंडावरच्या वॉशरचं. भोसरीत हायड्रॉलिक होजवाल्याकडे गेलो. ‘दादा, एएन-बिएन आपल्याला माहीत नाही, जेआयसी बोला,’ म्हणाला. बोललो. जेआयसी म्हणजे हायड्रॉलिकवाल्यांचं माप. दोन्हींच्या तोंडाच्या निमुळत्या बैठकीचा कोन ३७ अंश आणि आटे तेच, त्यामुळे अर्धा इंच बीएसपी पॅरलल ते ७/८ जेआयसी असा स्टीलचा अडॅप्टर सरळ बसला. खाली डाउटी वॉशर: लोखंडी कडी आणि आतल्या कडेला चिकटवलेलं नायट्राइल रबर. कॅनच्या तोंडावरचा पावडर कोट खरवडून धातू उघडा केला, अडॅप्टर आवळला आणि विषय संपला. रंगीत ॲल्युमिनियमच्या वस्तू बॉनेट उघडल्यावर फोटोत छान दिसतात, पण माझे पैसे यापुढे हायड्रॉलिकवाल्यालाच.

नळीबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. हीटर होज नको. ती ईपीडीएम असते, तेलानं फुगते आणि लिबलिबीत होते. साधी सिलिकॉन दिसते देखणी, पण तेलाच्या वाफेनं तिला बाहेरून घाम फुटतो. घ्यायचीच तर आत फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेली. मी कापडी विणीची नायट्राइल ऑइल होज वापरतोय. डिझेलला थ्रॉटलमागची जोरदार ओढ नसते, त्यामुळे ती चपटी व्हायची भीती कमी. फक्त मध्ये झोळ पडू देऊ नका, तेल तिथंच साठतं आणि वाट अडते.

आता नवं दुखणं. ओरिजिनल ब्रीदर नळी (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी) आतून १९ मिमी आणि या अडॅप्टरचं भोक जेमतेम १२. क्षेत्रफळ काढलं तर चाळीस टक्केच उरतं. म्हणून इंजिनातला दाब बघायला डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून तिच्या नळीला गवंड्याची लेव्हल नळी जोडली, खाली लांब ‘यू’ करून पाणी भरलं. (पाणी कमीच भरा आणि वर जाणारी बाजू उंच ठेवा, नाहीतर ते इंजिनात.) ओरिजिनल नळीवर रेस दिल्यावर पाणी इंजिनकडे किंचित ओढलं जायचं. कॅन लावल्यावर ते उलट बाहेर ढकललं जातंय. हे काही चांगलं लक्षण नाही. टर्बोचं तेल संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथं) परत येतं ते निव्वळ उतारानं. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब वाढला तर ते तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून इंटरकूलरकडे निघतं. जे तेल अडवायला कॅन बसवला, तेच दुसऱ्या दारानं आत.

म्हणून कॅनला पाऊण इंची बॉस (आटे पाडलेला धातूचा जाड तुकडा) टिग वेल्ड करून घ्यायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, वेल्डिंग हवंय कशाला? दोन्ही तोंडं झाकणातच आहेत आणि झाकण ॲलन बोल्टांवर. २० मिमी ॲल्युमिनियम प्लेटमधून लेथवर नवं झाकण कातायचं, त्यात पाऊण इंच बीएसपीचे दोन टॅप मारायचे आणि एएनला रामराम करून सरळ होज निपल लावायचे. निपलचं भोक १५-१६ मिमीपर्यंत मिळतं. एकोणीस नाही, पण बारापेक्षा कितीतरी बरं. झाकण उघडणारच आहे तर आतली तारेची जाळीही छिद्रांच्या पत्र्यामागे बंदिस्त करतो. आउटलेट टर्बोच्या तोंडाशी जातो, सुटलेला एक तुकडाही काँप्रेसरच्या पात्यांना पुरेसा आहे.

पाऊण इंची डाउटी अंगानं बऱ्याच रुंद असतात, त्यामुळे दोन शेजारी बसून वर पाना फिरायला जागा उरते का, ते आधी पुठ्ठ्यावर आखून बघतो. नाहीच बसल्या तर आउटलेट झाकणात आणि इनलेट बाजूनं, म्हणजे पुन्हा टिगवाल्याच्या दारात. पुण्यात पातळ ॲल्युमिनियमवर नीट हात बसलेला कुणी माहीत असेल तर कळवा.